कॅप्टनच्या कोटाची पाठ

टण्.

मग जरा थांबून पुन्हा टण्. मग टण्, टण्, टण्, आणि शेवटी गरगर गरगर असा लांबलचक आवाज.

घर तोवर अगदी गप्प होतं. बार्नी पुष्कळ झटापट करून नुकताच झोपला होता, आणि दात येणारं मूल झोपलं की सगळं घर श्वास रोखून उभं राहतं, तसं ते उभं होतं. हेस्टर जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसून मांडीवरच्या लाल कोटाला बटण लावत होती. जिन्यावर अशासाठी, की उजेड बरा, बार्नीचा पाळणा हाकेवर, आणि शिवणाचा पसारा टिल्डाच्या वाटेत येणार नाही, अशी साऱ्या घरात तेवढीच एक जागा उरली होती. बटण बोटांतून निसटलं. चांगलं जाड, कथिलाचं बटण. प्रत्येक पायरीची विचारपूस करत ते सावकाश खाली गेलं आणि दिवाणखान्याच्या लाकडी जमिनीवर भोवऱ्यासारखं फिरत राहिलं.

वर बार्नीनं गळा काढला. खालून सहा वर्षांची टिल्डा ओरडली, "आई, कॅप्टनचं बटण आलं गं!"

हेस्टरनं डोळे मिटून घेतले. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं त्या कॅप्टनला त्याच्या घोड्यासकट शिव्या घातल्या असत्या. पण हेस्टरला तो हक्क नव्हता. हे सगळं तिनं स्वतःच्या तोंडानं मागून घेतलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हेस्टर लग्न होऊन ऑसलबीत आली त्याला नऊ वर्षं झाली होती, म्हणजे ऑसलबीच्या हिशेबानं ती परवा आली होती. ती टेकडीपलीकडच्या गावची. बसमध्ये सफरचंद खायला घेतलं तर देठापर्यंत पोचायच्या आत तिचं माहेर यायचं. तरी पोस्टातली बाई अजून तिला विचारायची, "तुमच्याकडे हिवाळा कसा असतो हो?" इथल्या शाळेसाठी तिनं केक भाजले होते, चर्चची फुलं सजवली होती, दोन ऑसलबीकर जन्माला घातले होते. तरी कुठल्याही बैठकीत ती बोलायला उठली की लोक पाहुणीचं ऐकावं तितक्या आदरानं ऐकायचे आणि पाहुणीचं विसरावं तितक्या चटकन विसरायचे. आपण केलेली एक तरी वस्तू या गावानं आपली म्हणावी, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी तिनं नेमका कॅप्टनचा कोट निवडला, हे मात्र जरा अतीच झालं.

जूनच्या शेवटच्या शनिवारी ऑसलबीत कॅप्टनचा दिवस असतो. नगरभवनाच्या जिन्यावर घोडदळाच्या कॅप्टन पेनिफादरचं तैलचित्र आहे, दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं. लाल कोट, छातीवर दोन्ही बाजूंनी उलगडलेले निळे पदर, रुपेरी कलाबतू, पांढरी तंग विजार, डोक्यावर केसाळ तुऱ्याचं शिरस्त्राण. त्या दिवशी हे चित्र खाली आणून दारापुढच्या पायऱ्यांवर मांडतात. मग गावातला एक पुरुष हुबेहूब तोच पोशाख चढवून, घोड्यावर बसून, नगरभवनाच्या कमानीतून बाहेर येतो आणि चित्राशेजारी उभा राहतो. गाव दोघांना न्याहाळतं, कुठं काय कमीजास्त आहे ते मोठ्यानं सांगतं, आणि पटलं की टाळ्या वाजवतं. नंतर कॅप्टन घोड्यासकट मागं मागं सरकत पुन्हा कमानीत जातो. वळत कधीच नाही. "पेनिफादरनं शत्रूला कधी पाठ दाखवली नाही," हे ऑसलबीत पाळण्यातल्या पोराला माहीत असतं.

कुठल्या शत्रूला, ते मात्र विचारायचं नाही. शेजारचे निवृत्त भूगोलशिक्षक थ्रेडगोल्ड मास्तर अमेरिका म्हणतात, खाटीक फ्रान्स म्हणतो, आणि हेस्टरच्या सासूबाई म्यूरिएल यांच्या मते ते स्पेन असावं, कारण चित्रातला उजेड तिकडचा वाटतो. चित्राखालच्या पितळी पट्टीवर नाव आणि साल, एवढंच. चर्चच्या आवारात गावातल्या झाडून साऱ्या पेनिफादरांच्या कबरी आहेत, त्याची तेवढी नाही. पण त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं.

यंदा कॅप्टन व्हायची पाळी हेस्टरच्या नवऱ्याची, एडविनची, होती. एडविन चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा आणि स्वतः चष्म्याशिवाय त्याला भिंत आणि बायको यांतला फरक कळत नसे. कोटाची राखण म्यूरिएलबाईंच्या घराण्याकडे होती. वसंत आला तशी त्यांनी पोटमाळ्यावरची पेटी उघडली, आणि पेटीतून कोटाऐवजी आधी कसरीच्या पाखरांचा एक छोटा ढग बाहेर पडला.

"अरे देवा," म्यूरिएलबाई म्हणाल्या. ऑसलबीत यापलीकडे आक्रोश करत नाहीत.

हेस्टरनं कोट हळूच उचलला. बाह्यांची जाळी झाली होती. पण तिचं लक्ष भलतीकडेच गेलं. तिनं कोट उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मागच्या बाजूला काहीच नव्हतं. नुसत्या चार नाड्या लोंबत होत्या. तो कोट नव्हताच. ते एक मोठ्या माणसाचं लाळेरं होतं.

"म्यूरिएल, याची पाठ कुठाय?"

"कसली पाठ?"

"अहो, कोटाची."

"चित्रात आहे का पाठ?"

"नाही, पण—"

"मग?" म्यूरिएलबाई म्हणाल्या.

हेस्टर नाड्यांकडे बघत राहिली. पराक्रमाची ती कथा, ते मागं मागं सरकणं, टाळ्यांचा तो कडकडाट... आणि गेली कैक वर्षं तो वीर आतमध्ये नुसत्या बनियनवर होता.

"वळायचं नाही ते यामुळे?" तिनं विचारलं.

"वळायचं नाही ते शौर्यामुळे," म्यूरिएलबाई कडक आवाजात म्हणाल्या. "चित्रात दिसतं तेवढंच शिवायचं, पदरचं काही घालायचं नाही. माझ्या आजेसासूबाईंनी हेच केलं, सासूबाईंनी हेच केलं आणि मीही हेच केलं. आपण प्रामाणिक माणसं आहोत."

आणि तिथं हेस्टरच्या तोंडून ते वाक्य गेलं. ज्या वाक्यानं जगातली बरीच घरं अर्धवट रंगवलेली राहिली आहेत, ते वाक्य.

"नवा मी शिवते. पाठीसकट. त्यात काय एवढं!"

संध्याकाळच्या आत ही बातमी कुंपणापलीकडे गेली. थ्रेडगोल्ड मास्तर हातातली कात्री तशीच धरून झुडपावरून डोकावले. ते कॅप्टनच्या दिवसाच्या समितीचे अध्यक्ष होते, आणि झुडपं कापायच्या निमित्तानं गावावर लक्षही ठेवायचे.

"काय गं पोरी, पाठ करतेयस म्हणे?"

"कोटाला असते ना मास्तर, म्हणून."

"असते, असते. माझ्याही कोटाला आहे. पण माझ्या कोटाचं चित्र कुणी काढलेलं नाही. फरक लक्षात येतोय का? उद्या तू पाठीला खिसा लावशील. परवा कुणी घोड्याला पिशवी लावेल. इतिहास असाच बिघडतो."

समितीची खास बैठक भरली. विषयपत्रिकेवर 'पाठीचा प्रश्न' हा विषय फिरत्या संडासांनंतर आणि स्पंज केकच्या स्पर्धेआधी होता. चहा झाला. खाटीक म्हणाला, आजवर पाठ नव्हती आणि कुणाचं वाईट झालेलं नाही. पोस्टातली बाई म्हणाली, हेस्टरच्या गावाकडे पाठ लावत असतील, तर तो त्यांचा प्रश्न आहे. नगरभवनाची कारभारीण मिस डनॉक म्हणाली, आपलं काही मत नाही, पण मत नाही हे नोंदवून घ्यावं. शेवटी मास्तरांनी तोडगा काढला. हेस्टरनं त्या काळचं असं एखादं चित्र शोधून आणावं, ज्यात अशा कोटाची पाठ दिसते. चित्रात दिसली तर शिवावी. नाही दिसली तर नाड्या.

"यात अवघड ते काय?" हेस्टर घरी येऊन एडविनला म्हणाली.

एडविननं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. लग्नानंतरच्या अनुभवानं तो अशा वेळी एवढंच करायचा.

आधी मूळ चित्र जवळून बघायचं होतं. पण ते जिन्यावर उंच टांगलेलं, आणि शिडी चढायची तर नगरभवनाच्या नियमानुसार शिडीचं प्रशिक्षण हवं. प्रशिक्षण घेतलेला एकच माणूस होता, तो शिडीवरून पडल्यामुळे रजेवर होता. "चित्र खाली काढून मिळेल का?" हेस्टरनं विचारलं. मिस डनॉक म्हणाली, "मिळेल ना. जूनच्या शेवटच्या शनिवारी." मग हेस्टर बार्नीला पोटाशी बांधून जिन्याखाली उभी राहिली आणि टिल्डाच्या पक्षी बघायच्या दुर्बिणीतून कॅप्टनची बटणं बघू लागली. बटणं जोडीजोडीनं होती. ते ठीक. पण छातीवरचे निळे पदर दुर्बिणीतून चक्क हिरवे दिसत होते.

"हिरवेच आहेत ते," मिस डनॉक म्हणाली.

"निळेच," दाराशी उभा असलेला पहारेकरी म्हणाला. "वरचं रोगण पिवळं पडलंय, म्हणून हिरवे दिसतात. माझ्या आधीच्या माणसानं एका कोपऱ्यात बटाट्याची फोड घासून बघितली होती. खाली निळं निघालं."

"बटाटा?" मिस डनॉक किंचाळली. "कधी? कुणाला विचारून?"

त्यांचं ते भांडण उन्हाळाभर पुरलं. हेस्टर निळा रंग मनाशी धरून हळूच बाहेर पडली.

मग सुरू झाली पाठीची शोधयात्रा. रविवार आला की एडविन गाडी काढायचा. मागं टिल्डा, बार्नी, दुपट्यांची पिशवी, काकडीचे सँडविच आणि पाऊस, असा लवाजमा. जवळपासची संग्रहालयं झाली, सरदारांचे वाडे झाले. घोडदळाचे अधिकारी सगळीकडे होते. कुणी झाडाला टेकलेला, कुणी तोफेला, कुणी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवलेला. मागं काळे ढग, बाजूला घोड्याचं एक नाक. पण झाडून सगळे समोरून. हेस्टरच्या हळूहळू ध्यानात आलं, की त्या अख्ख्या शतकात घोडदळाच्या एकाही अधिकाऱ्याला चित्रकाराकडे पाठ करून उभं राहावंसं वाटलं नव्हतं. आणि का वाटावं? पदरमोड करून कुणी स्वतःची पाठ काढून घेतं का?

टिल्डाच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचंच, असा हेस्टरचा नेम होता. लहानपणी तिच्या प्रश्नांना "गप बस" हे एकच उत्तर मिळत असे.

"आई, तेव्हा माणसांना पाठ नव्हती का?"

"होती गं राणी."

"कशावरून?"

"कारण... ती निजायची. पाठीशिवाय निजणार कशी?"

"पालथी," टिल्डा म्हणाली, आणि सँडविचमधली काकडी काढून बार्नीला देऊ लागली.

पाठ सापडली ती टिल्डालाच. एका वाड्याच्या जेवणघरात भिंतभर पसरलेलं लढाईचं चित्र होतं. मध्यभागी सेनापती पांढऱ्या घोड्यावर, भोवती धूर, झेंडे, तलवारी. मोठी माणसं सेनापतीकडे बघत होती. टिल्डाची उंची जेमतेम चौकटीच्या खालच्या कडेला लागत होती, त्यामुळे तिला दिसत होता तो फक्त डावा कोपरा.

"आई! हा बघ पाठवाला!"

हेस्टर गुडघ्यांवर बसली. धुराच्या कडेला, करंगळीएवढा, एक स्वार होता. लाल कोट, निळी गळपट्टी. आणि पाठ! अख्खी, धडधाकट पाठ! मधोमध शिवण, कमरेशी दोन बटणं, बटणांखाली पंख्यासारख्या चुण्या, आणि खाली उलटून अडकवलेली पांढरी टोकं. हेस्टरला वाटलं, या माणसाच्या गळ्यात पडावं. तिनं सँडविचच्या कागदावर भराभर रेघा ओढल्या.

"त्या कोपऱ्याकडे सहसा कुणी बघत नाही, बाई," राखणदार हळूच म्हणाला.

"का?"

"तो पळतोय."

खरंच पळत होता. घोडा चौखूर, शिरस्त्राण खाली पडलेलं, तोंड लढाईच्या बरोबर उलट्या दिशेला. साऱ्या जिल्ह्यात रंगवलेली घोडदळाची एकमेव पाठ, आणि ती पळपुट्याची!

समितीत जे झालं ते सविस्तर सांगण्यासारखं नाही. खाटकानं टेबलावर मूठ आपटली, त्यात बशी फुटली, आणि बशीबद्दल सगळ्यांनी एकमेकांची माफी मागण्यात बराच वेळ गेला.

"कॅप्टन पेनिफादरला पळपुट्याची पाठ?" मास्तर म्हणाले. "पोरी, तू बरी आहेस ना?"

"मास्तर, शिंपी तोच असेल हो! शिवताना त्याला काय ठाऊक, कोण पळणार आणि कोण लढणार?"

"कदाचित तो निरोप घेऊन चालला असेल," एडविन दारातून म्हणाला. तो बार्नीला झोके देत उभा होता.

"निरोप्या टोप टाकून जात नाही," खाटीक म्हणाला.

म्यूरिएलबाईंनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढली, कागद सोडवला, तोंडात टाकली. त्या विचार करत असल्या की पेपरमिंट खातात आणि विचार नसला तरी खातात. मग म्हणाल्या, "शिवू दे तिला. दाखवायची नाही म्हणजे झालं. कॅप्टन कुठं वळतोय?"

समितीला हे एकदम पटलं. पाठ असावी, पण दिसू नये. न आवडणारी गोष्ट मान्य करायची ऑसलबीची हीच रीत आहे. हेस्टर घरी आली ती अपमानानं लाल होऊन. तिला परवानगी मिळाली होती आणि काहीच मिळालं नव्हतं.

तरी ती शिवायला बसली. बार्नी झोपला की, टिल्डा चित्रं काढत असली की, बटाटे उकडत असले की. चोरलेल्या वेळात जे शिवलं जातं त्यात टाके कमी आणि व्यत्यय जास्त असतात. लाल कापड आधी धुवून घ्यावं, असा मास्तरांनी कुंपणावरून सल्ला दिला. धुतलं, तर बार्नीची सगळी दुपटी गुलाबी झाली. "गुलाबीपण चांगलं दिसतं," एडविन म्हणाला, कारण त्याचे बनियनही त्याच पाण्यात होते. शिरस्त्राणासाठी सायकलचं जुनं हेल्मेट घेतलं आणि त्यावर केसाळ तुरा म्हणून न्हाणीघरातलं काळं पायपुसणं कापून लावलं. ते दोन दिवस सगळ्यांनी ओल्या पायांनी घरभर फिरून सहन केलं. चित्रातली विजार इतकी तंग होती, की एडविनला ती घालून एकतर श्वास घेता येई किंवा बोलता येई. त्यानं श्वास निवडला.

पुढची बाजू चटकन झाली. पाठीला मात्र वेळ लागला. चुण्या बसेनात. तिनं उसवल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा उसवल्या.

"अगं, कुणी बघणार नाहीये ना?" एडविन एकदा म्हणाला. "मग एवढं कशाला?"

"मला माहिती असेल ना," हेस्टर दातांत टाचणी धरून म्हणाली.

एडविननं चष्मा काढला नाही की पुसला नाही. तो उठला आणि चहा करून आणला. बायकोचा मुद्दा बरोबर आहे हे तो असंच सांगायचा.

तर जिन्यावरून गडगडत गेलेलं ते बटण म्हणजे कमरेवरच्या दोन बटणांपैकी दुसरं, म्हणजे कोटाचं अगदी शेवटचं. टिल्डानं ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून वर आणलं. हेस्टरनं एका हातानं बार्नीला खांद्यावर थोपटत दुसऱ्या हातानं ते लावलं. धागा टिल्डानं दातांनी तोडला. संपलं. पाठ झाली. तिघांनी मिळून ती जिन्याच्या कठड्यावर पसरली, आणि बार्नीसुद्धा रडायचा थांबून बघत राहिला.

शनिवारी, आश्चर्य म्हणजे, ऊन पडलं. चौक भरला. पायऱ्यांवर चित्र आलं. चित्राला लागून, कमानीच्या तोंडाशी, कोट राखणारीची मानाची खुर्ची. म्यूरिएलबाई तिथं टोपी घालून, पर्स मांडीवर घेऊन बसल्या. हेस्टर गर्दीत मुरंब्याच्या दुकानापाशी बार्नीला कडेवर घेऊन उभी होती.

घोडी आली. घोडेवाल्या प्रुनेलाकडची ट्रायफल. ट्रायफल नावाप्रमाणेच पुडिंगसारखी गोल आणि शांत, आणि मुलांना पाठीवर बसवता बसवता वय झालेली. तिच्यावर एडविन. चित्रात कॅप्टनला चष्मा नाही, म्हणून चष्मा घरी. त्यामुळे त्याच्या नजरेत ते दूर कुठंतरी बघणं आपोआप आलं होतं, जे चित्रातल्या कॅप्टनच्याही डोळ्यांत होतं. गर्दीतून एक हळूच "ओह" उमटलं.

मग न्याहाळणी सुरू झाली.

"तुरा जास्त कुरळा आहे!"

"पदर हिरवे हवेत!"

"निळेच!" पहारेकरी ओरडला.

"विजार बरोबर आहे! बिचारा!"

टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या, पण दरवर्षी पडतात तेवढ्याच. ही पुढची बाजू गावाच्या ओळखीची होती, ती कुणाच्याही हातची असली तरी गावाचीच होती. हेस्टरनंही बार्नीचे हात धरून टाळ्या वाजवल्या. झालं. आता एडविन मागं सरकत कमानीत जाईल आणि ती पाठ पेटीत जाऊन पडेल, पुढच्या कसरीची वाट बघत.

एडविननं लगाम ओढला. ट्रायफल एक पाऊल मागं गेली. मग आणखी एक.

आणि चौकात, टाळ्या विरल्यानंतरच्या शांततेत, एक बारीक चुरचुर ऐकू आली. कागद सोडवल्याची.

ट्रायफलचे कान वळले. मग मान वळली. मग, भरलेली बोट बंदरात वळावी तशी सावकाश, बिनधास्त, ती सबंध घोडी वळली आणि म्यूरिएलबाईंच्या खुर्चीकडे तोंड करून उभी राहिली. चष्म्याविना असलेला एडविन आपण अजून गर्दीकडेच बघतोय अशा समजुतीनं छाती काढून, हनुवटी वर करून कमानीच्या भिंतीला सलाम करत राहिला.

आणि चौकापुढे पाठ आली.

ऊन सरळ तिच्यावर पडलं होतं. मधली शिवण तलवारीसारखी. कमरेवर दोन बटणं चकाकत होती. त्यांखाली चुण्या पंख्यासारख्या उघडून घोडीच्या पाठीवर पसरल्या होत्या, आणि पांढरी टोकं जिथल्या तिथं. इतक्या वर्षांत त्या गावानं कॅप्टन पेनिफादरला पहिल्यांदाच मागून बघितलं.

खाटकाचं तोंड उघडं होतं. मास्तर चष्म्यावरून बघत होते. हेस्टरला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मुरंब्याच्या दुकानासकट आपल्याला पोटात घ्यावं.

मग मास्तर म्हणाले, अगदी शांतपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "वाईट नाही."

बाहेरच्यांना हे कळायचं नाही. ऑसलबीत हे शब्द सहजासहजी कुणी उच्चारत नाही. मास्तर शाळेतून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात कुणीतरी ते उच्चारले होते, आणि मास्तर रुमालात तोंड घालून रडले होते.

"मुळीच वाईट नाही," खाटीक म्हणाला. आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. लोक पुढं आले. चुण्यांना हात लावू लागले. "आमच्या कॅप्टनची पाठ बघितलीस का?" असं पोस्टातली बाई कुणालातरी सांगत होती. मग हेस्टर दिसताच म्हणाली, "आमच्या हेस्टरनं केलीय!" मुरंब्यानं माखलेले अनेक छोटे हात त्या पाठीला लागले. एडविन विचारत होता, "झालं का? मी कमानीत आहे का?"

हेस्टर गर्दीतून वाट काढत खुर्चीपाशी पोचली. ट्रायफल म्यूरिएलबाईंच्या तळहातावरचं चाटत होती.

"म्यूरिएल! तुम्ही मुद्दाम—"

"घसा खवखवत होता," म्यूरिएलबाई समोर बघत म्हणाल्या. "म्हणून गोळी काढली. घोडीला पेपरमिंट आवडतं हे मला कसं ठाऊक असणार?"

"तुम्ही दर बुधवारी प्रुनेलाच्या तबेल्यात जाता!"

"जाते. पण आपण तिथं पेपरमिंटबद्दल बोलत नाही." त्यांनी पर्स बंद केली. मग, टोपी नीट करता करता, "खांद्यांवर छान बसलाय हो कोट," म्हणाल्या. आणि हेस्टरच्या कडेवरून बार्नीला स्वतःच्या मांडीवर घेतलं.

संध्याकाळी घरी आल्यावरही बाहेर लख्ख ऊन होतं. एडविन सोफ्यावर चष्मा लावून निजला होता, विजार अर्धी निघालेली, कारण त्याहून जास्त ती निघत नव्हती. बार्नी गालिच्यावर शिरस्त्राणाचा तुरा चोखत बसला होता. हेस्टर स्वयंपाकघराच्या मोरीत कोट पसरून मुरंब्याचे डाग ओल्या फडक्यानं टिपत होती. पाठीवर छोट्या बोटांचे ठसे होते. एक टिल्डाचा होता, तो तिनं ओळखला आणि शेवटी पुसायचा म्हणून ठेवला.

टिल्डा ओट्यावर पाय हलवत बसली होती.

"आई, बटणं दोनच का मागं?"

"पूर्वी कोटाची टोकं त्यांना अडकवायचे, घोड्यावर बसताना मध्ये येऊ नयेत म्हणून."

"आणि टोकं पांढरी का?"

"ते आतलं अस्तर. उलटवलं की दिसतं." हेस्टरला स्वतःचंच कौतुक वाटलं. आता या कोटाबद्दल तिला कुणी काहीही विचारावं.

टिल्डानं वाकून मोरीत बघितलं. लाल पाणी मोरीतून गोल फिरत खाली चाललं होतं.

"आई, कॅप्टन लढाईवरून घरी आला, तेव्हा त्याचा कोट कुणी धुतला?"

"असेल कुणीतरी बाई," हेस्टर म्हणाली. "तिचं चित्र कुणी काढलेलं नाही." मग तिनं फडकं पिळलं आणि टिल्डाचा ठसा तसाच ठेवून कोट वाळत घातला.